ड्रायव्हर मंडळींच्या तब्येतीसाठी खरंच काय टिकतं? (पोस्टरं लावून झाली)

डिस्पॅच_टेबल

नमस्कार मंडळी. मी एका मालवाहतूक कंपनीत डिस्पॅचला बसते. ३६ गाड्या, ४३ ड्रायव्हर. कुणाची गाडी किती वाजता निघणार, कुठं भरणार, कुठं खाली होणार, हे माझ्या टेबलावर ठरतं. दोन महिन्यांपूर्वी वरून फर्मान आलं की ड्रायव्हरांच्या आरोग्यासाठी काहीतरी करा. निमित्त असं झालं की आमच्या एका जुन्या ड्रायव्हरची गाडी पहाटे साडेतीनला रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली. उलटली नाही, कुणाला लागलं नाही. तो म्हणाला, टायर. मी टायर पाहिला. टायर धड होता.

आम्ही काय काय केलं ते सांगते, हसू नका. एका डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाऊण तास स्लाइड दाखवल्या. अकरा जण आले, त्यातले तिघे झोपले. (रात्रभर गाडी चालवून आले होते, दोष कुणाला देणार?) हृदयाची चित्रं असलेली सहा पोस्टरं लावली, त्यातलं एक नेमकं तंबाखू थुंकायच्या डब्याच्या वर लागलं. मग पावलं मोजायच्या मनगटी पट्ट्या वाटल्या. तीन आठवड्यांनी पाहिलं तर एकाची पट्टी त्याच्या मुलीच्या हातात, आणि एका बहाद्दराने ती गिअरच्या दांड्याला बांधलेली. त्या दिवशी गिअर चौदा हजार पावलं चालला.

तपासणी शिबिराला ४३ पैकी १९ जण आले. त्यात एकाचा बीपी १७८/११२ निघाला. त्याने आकडा पाहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "ऑफिसात सांगू नका." ऑफिस म्हणजे मीच, समोर उभी.

तर प्रश्न असा. तुमच्या गाडीत, तुमच्या डेपोत खरोखर काय टिकलं? व्यायाम, खाणं, झोप, तंबाखू, काहीही चालेल. भाषण नको, ते आम्ही ऐकून झालोय.

---

चालू_गाडी

ताई, राग मानू नका, पण तुम्हीच विचारलंत म्हणून सांगतो.

परवा एका ठिकाणी माल भरायला सकाळी ७ ला हजर राहा असा निरोप होता. ७ ला पोचलो. नंबर लागला दुपारी ४ ला. हे नऊ तास तुमच्याकडच्या कागदावर आराम म्हणून लिहिले जातात. झोपायला गेलो तर दर अर्ध्या तासाने रांग एक गाडी पुढं सरकते, आपण सरकलो नाही की मागचा हॉर्नवर हात ठेवतो. साडेपाचला भरून निघालो, आणि माल दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला पोचायलाच पाहिजे. आता ‘सात तास झोपा’ हे पोस्टर मी केबिनमध्ये कुठं चिकटवू ते सांगा.

पैसे खेपेवर. उभ्या गाडीचे पैसे नाहीत. मग जो तासभर चालायला उतरेल तो स्वतःच्या खिशातून चालतोय.

आणि शिबिराला का येत नाही? १७८ निघाला की गाडी काढून घेतात. घरी बसलं की पगार बंद. त्यापेक्षा आकडा माहीतच नसलेला बरा, असं आमच्यातले निम्मे समजतात. मूर्खपणा आहे, मला कळतं. मीसुद्धा गेलो नाही.

---

रिटायर_चाक

वरचा भाऊ बोलला त्यातलं काही खोडता येणार नाही. मी ३१ वर्षं अवजड गाडी चालवली, आता चार वर्षं नवीन पोरांना शिकवतो. माझी कमाई सांगतो: साखर आहे, कमरेचे दोन मणके दबलेत, दोनदा मुतखडा झाला, आणि खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा आहे. हे शेवटचं मला चेष्टा वाटायची. मग मुलीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. २८ वर्षं डिलिव्हरीची गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा, अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात २०१२ साली छापलेला. अर्धा चेहरा सुरकुत्यांनी लोंबलेला, अर्धा ठीकठाक. काचेतून ऊन कमी लागतं असं वाटतं, पण त्यातले कातडी जून करणारे किरण बाजूच्या काचेतून आत येतातच. तेव्हापासून पोरांना सांगतो, खिडकीकडच्या हाताला बाही आणि चेहऱ्याला क्रीम. लाजतात. लाजू दे.

आता तुमच्या प्रश्नाचं. ड्रायव्हरला घरच्या वेळापत्रकातला व्यायाम सांगू नका. त्याच्याकडे असतं काय, तर गाडी. म्हणून जे सांगायचं ते गाडीला टांगून सांगा.

पाठीचं घ्या. सकाळी सीटवर ताठ बसायचं, मग आरसे लावायचे. दुपारपर्यंत माणूस सीटमध्ये घसरतो, कणा धनुष्य होतो आणि आरशात रस्ता वेगळा दिसायला लागतो. अडाणी ड्रायव्हर तेव्हा आरसा खाली करतो. आरशाला हात लावायचा नाही, आपण वर सरकायचं. माझ्याकडे शिकलेली पोरं बाकी सगळं विसरली तरी हे विसरत नाहीत, कारण आरसा दर पाच मिनिटांनी आठवण करून देतो.

सीटखाली ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे सीट कडक-मऊ करायची खुंटी असते. ती बदललेली मी फार थोड्यांकडे पाहिली. आधीचा ड्रायव्हर ६० किलोचा, हा ९५ चा, सीट तळाला आपटत राहते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. मागच्या खिशातलं पाकीट काढून डॅशवर टाका. एका कुल्ल्याखाली दोन बोटं जाड वस्तू घेऊन दहा तास बसलं की कंबर तिरकी राहणार आणि मांडीमागची शीर ओरडणार, ऑपरेशनची भाषा ऐकण्याआधी पाकीट हलवून बघा.

उतरताना उडी नाही. तोंड केबिनकडे, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम गाडीला लागलेले. आणि उतरल्या उतरल्या फाळका उघडून माल ओढायचा नाही. तासन्‌तास बसून पाठ आखडलेली असते, हादरे खाऊन थकलेली असते, त्यात एकदम वाकून वजन उचललं की कंबर धरते. पाच मिनिटं ताडपत्री बघा, टायर ठोका, मग वजनाला हात घाला. माझे दोन मणके अशाच एका घाईत गेले. माल उतरवायला माणूस नव्हता आणि मला घरी जायचं होतं.

चालणं म्हणाल तर जिम शोधू नका. १६ मीटरची गाडी असेल तर थोडं अंतर ठेवून एक फेरी साधारण ४५ मीटर भरते. २२ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. रांगेत उभं असताना गाडी सोडून लांब जाता येत नाही, पण गाडीभोवती फिरायला कुणाची ना नाही. नटबोल्ट बघितल्यासारखं फिरा, लोक हसतही नाहीत. मी दर थांब्याला दहा फेऱ्या धरल्या होत्या. साखर त्याने गेली नाही, पण गोळी एकाची दोन झाली नाही.

पाणी. हे ऑफिसवाल्यांना कधी सुचत नाही. ड्रायव्हर पाणी पीत नाही कारण प्याला की गाडी थांबवावी लागते, आणि एवढी मोठी गाडी थांबवायला धड जागा नसते. बाई ड्रायव्हर असेल तर विचारूच नका. मी वीस वर्षं तोंड कोरडं ठेवून चालवली आणि खडा झाला. तुम्ही ‘पाणी प्या’ असं लिहून काही होणार नाही. कोणत्या मार्गावर मोठी गाडी उभी राहील असं स्वच्छ ठिकाण कुठं आहे, ते किलोमीटरसकट लिहून द्या. ती यादी जुन्या ड्रायव्हरांच्या डोक्यात असते, बसवून काढून घ्या.

झोपेसाठी मी काच उघडली, गाणी लावली, गालात मारून घेतल्या, तिखट तोंडात धरलं. सगळं फुकट. दहा मिनिटं टिकतं आणि मग आधीपेक्षा जोरात येते. झोपेवर झोप सोडून दुसरं औषध नाही. गाडी बाजूला घ्यायची, १५-२० मिनिटांचा गजर लावायचा, पडायचं. चहा-कॉफी प्यायची असेल तर पडायच्या आधी. ती अंगात भिनायला तेवढाच वेळ घेते, उठताना दोन्ही मिळतं. उठल्यावर मात्र लगेच चावी फिरवायची नाही. दहा-पंधरा मिनिटं डोकं लाकडाचं असतं.

डिस्पॅच ताई, एक काम करा. मातीत उतरलेल्या त्या ड्रायव्हरच्या आधीच्या चौदा दिवसांच्या ट्रिपशीट काढा. किलोमीटर बघू नका. तो रोज किती वाजता निघाला, एवढंच एका खाली एक लिहा. मग इथं या.

---

डिस्पॅच_टेबल

काका, आरसा आणि पाकीट उद्याच सांगते. शीट काढते.

१७८/११२ वाल्याचं काय करू ते कुणी सांगेल का? तो मला टाळतोय. काल गाडीची चावी घ्यायला दुसऱ्याला पाठवलं.

---

पट्टा_बांधा

मी कामगार आरोग्याची नर्स आहे, ड्रायव्हरांच्या तपासण्या १२ वर्षं करते.

आधी त्याचा आकडा परत घ्या. शिबिरात कसा घेतला असेल ते मला न विचारता माहीत आहे: माणूस केबिनमधून उतरला, तंबाखूचा बार भरलेला, लघवी तुंबलेली, मागे रांग, आणि बाही वर करता करता तुमच्याशी बोलतोय. अशात बीपी वर जाणारच. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. दोन वेळा घ्यायचा, मध्ये मिनिटभर सोडून. असं वेगवेगळ्या दिवशी घेऊनही १४०/९० च्या वर राहिला तर बीपी आहे, डॉक्टरकडे जाऊ दे. १८०/१२० च्या आसपास असून छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, अंधारी असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना.

आता तो टाळतोय त्याबद्दल. शिबिर कुणासमोर झालं? तुमच्या. यादी कुणाकडे गेली? तुमच्याकडे. मग तो दुसऱ्याला पाठवणारच. आमच्याकडे आकडा एका कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हातात जातो आणि मालकाकडे फक्त ‘गाडी चालवायला योग्य’ किंवा ‘पुन्हा दाखवावे’ एवढंच जातं. त्याच्या जोडीला साहेबांकडून एक गोष्ट लेखी घेतली होती. जो स्वतःहून आजार सांगेल त्याला उपचाराच्या दिवसांत डेपोतलं काम आणि ठरलेला पगार. हा कागद भिंतीवर लागला त्यानंतरच्या शिबिराला माणसं आली. जेवण ठेवून, टोप्या वाटून आली नव्हती.

बीपीइतकीच मला चिंता घोरणाऱ्यांची असते. मान जाड (पुरुषात ४३ सेंटिमीटरच्या पुढं गेली की मी कान टवकारते), मोठ्याने घोरणं, झोपेत मध्येच श्वास अडकून गुदमरल्यासारखं उठणं, आणि आठ तास झोपूनही दिवसा डुलकी. यात झोपेत घसा बंद पडून श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. माणसाला वाटतं आपण झोपलो, मेंदू रात्रभर जागाच असतो. अशाला ‘जास्त झोप’ सांगून उपयोग नाही. तपासणी करून रात्री हवेच्या दाबाचं मशीन लावावं लागतं, आणि नियमित लावलं की महिन्याभरात माणूस वेगळा दिसतो. तुमचा पहाटे साडेतीनचा ड्रायव्हर घोरतो का? त्याला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा.

साखरेची औषधं घेणाऱ्यांसाठी वेगळं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी आणि दर दोन तासांनी तपासायची. ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच स्टिअरिंग धरायचं. साखर उतरली की माणूस दारू प्यायल्यासारखा चालवतो आणि त्याला स्वतःला कळत नाही. सर्दीच्या आणि खाजेच्या जुन्या प्रकारच्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचंही तेच, दुकानातून घेताना ‘मी गाडी चालवतो’ हे तोंडाने सांगायचं.

बसण्याबद्दल वर काका बोललेच. एक जुनी गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी पाहिले. एकाच बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर जिने चढत-उतरत तिकिटं फाडणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. बस तीच, शहर तेच. ही गोष्ट सांगितली की ड्रायव्हर ऐकतात, कारण दुसरा माणूस त्यांच्या गाडीतलाच असतो.

आणि त्या मनगटी पट्ट्यांवरून स्वतःला फार बोल लावू नका. ब्रिटनमध्ये २५ डेपोंतल्या ३८२ ट्रकचालकांवर नीट चाचणी झाली: वर्ग, पावलं मोजायची पट्टी, केबिनमध्ये करायचे व्यायाम, सगळं होतं. सहा महिन्यांनी दिवसाला साधारण १००० पावलांचा फरक पडला. पुढं दीड वर्षाच्या सुमारास तो उरला नाही. मधे कोरोनाच्या साथीचा काळही आला म्हणा. हजार पावलं म्हणजे काकांच्या हिशोबाने पंधरा-सोळा फेऱ्या, काही कमी नाहीत.

---

दिवसा_पडदे

मी ड्रायव्हरची बायको. इथं फक्त वाचते, आज लिहिते.

आमचे हे सकाळी ८ ला घरी येतात आणि दुपारी ३ ला परत जातात. सात तास झोप मिळायला पाहिजे ना? धरा हिशोब. अंघोळ, खाणं, मुलांची वही बघणं, बँकेचं काम, शेजारचं भांडण सोडवायला बोलावणं, कारण ‘ते घरी आहेत ना’. झोपतात साडेदहाला. बाराला डिस्पॅचचा फोन येतो, ‘आज ३ च्या ऐवजी २ ला या.’ हा एक फोन एसएमएसवर पाठवला असता तर काय बिघडलं असतं? फोन वाजला की झोप तुटली ती तुटलीच.

मी काय केलं ते सांगते. खिडकीला जाड काळं कापड, दाराच्या बेलची वायर काढली, आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की दुपारी १ ची वेळ म्हणजे यांची रात्रीची २ आहे, रात्री २ ला तुम्ही कुणाच्या घरी जाता का? सासूबाईंना पटायला महिना लागला. फोन मी माझ्याकडे घेते. डिस्पॅचला मीच उत्तर देते आणि दोन वेळा भांडलेही आहे.

पट्टा ताई, घोरण्याचं वाचून छातीत धस्स झालं. यांचा श्वास अडकतो. मला वाटायचं दमतात म्हणून.

---

पट्टा_बांधा

@दिवसा_पडदे मोबाइलवर रात्रीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि तोच डॉक्टरांना दाखवा. ड्रायव्हरच्या शब्दांपेक्षा तो जास्त कामाचा. घाबरू नका, पण पुढं ढकलूही नका.

---

चालू_गाडी

दिवसा_पडदे वहिनी, बेलची वायर आजच काढतो.

तंबाखूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मीच. मी पाच वेळा सोडली, पाच वेळा धरली. आम्ही चवीसाठी खात नाही, जागं राहायला खातो. झोप पुरली त्या दिवशी माझ्या पुड्या निम्म्यावर येतात, हे मी मोजलंय. म्हणून तंबाखूचं पोस्टर झोपेच्या पोस्टरच्या आधी लावू नका.

---

रिटायर_चाक

बरोबर मोजलंस. माझी सहाव्या वेळी सुटली. तल्लफ आली की पाच मिनिटं ढकलायची, तेवढ्यात ती उतरते, हे मला उशिरा कळलं. रांगेत असलो तर खाली उतरून फेऱ्या मारायचो, चालवताना बिनसाखरेचं च्युइंगम. पहिले दहा दिवस मी सगळ्यांवर खेकसलो. क्लीनर पळून गेला.

---

डिस्पॅच_टेबल

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

काका, शीट काढल्या. चौदा दिवसांत त्याच्या निघायच्या वेळा एका खाली एक लिहिल्या आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. रात्री ११, मग रात्री ९, मग संध्याकाळी ६, मग दुपारी ३, मग सकाळी १०, मग पुन्हा रात्र. दर खेपेला आधीच्यापेक्षा लवकर. दोन आठवड्यांत एकही वेळ सलग तीन दिवस तीच नाही. पट्टा ताईंना निरोप करून विचारलं, त्या म्हणाल्या की शरीराचं घड्याळ पुढं ढकललेलं जमतं, मागं ओढलेलं जमत नाही. पाळी बदलायचीच तर उशिराकडे बदला. मी नेमकं उलटं करत होते, कारण कागदावर तसं केलं की गाड्या छान जुळतात.

आणि शेवटचा दिवस. आदल्या रात्री ११ ला गाडी खाली करून घरी गेला. सकाळी ९ ला उठला असं धरलं तरी ११ ला भरायच्या रांगेत, ६ ला नंबर, ७ ला निघाला. साडेतीनला मातीत. म्हणजे साडेअठरा तास जागा. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी चालते, हा १९९७ चा शोध ताईंनी मला पाठवला. आमच्या गेटवर दारूसाठी फुंकायचं यंत्र आहे. झोपेसाठी काही नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंदांच्या डुलकीत ८९ मीटर, हा हिशोब मी स्वतः केला. त्या ट्रिपशीटवरचं अक्षर माझं आहे.

त्याला बोलावून तो कागद दाखवला. आधी सांगितलं की हा तुझ्यावर ठपका नाही, माझ्या वेळा आहेत. त्याने बोट ठेवत ठेवत वाचलं. म्हणाला, "टायर नव्हता."

मग काय बदललं ते लिहिते, फार काही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७९ चा १५३ नंबरचा करार आहे. सलग चार तासांनंतर थांबा, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास चालवणं, आठवड्याला ४८, आणि रोज सलग दहा तास विश्रांती. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण साहेबांपुढं ठेवायला छापील काहीतरी मिळालं. नऊ तासांवर साहेब म्हणाले अशक्य. दहा तासांची सलग विश्रांती मात्र मान्य झाली, आणि त्यात रांगेतला वेळ धरायचा नाही हेही. त्यामुळे तीन गिऱ्हाइकांच्या वेळा पुढं सरकवाव्या लागल्या. एक गिऱ्हाईक गेलं. त्याबद्दल मला बोलणी बसली आणि अजून बसतायत.

घरी असलेल्या ड्रायव्हरला फोन बंद, फक्त मेसेज, उठल्यावर वाचा. (वहिनी, तो फोन मी केलेला नसेल, पण मी तसले शेकडो केलेत.) रांगेसाठी दोन ठिकाणी नंबराची चिठ्ठी सुरू करून घेतली, म्हणजे नंबर जवळ आला की मोबाइलवर कळतं, गाडी सरकवत बसायला नको. तिसऱ्या ठिकाणचे लोक ऐकत नाहीत.

जुन्या चौघांना बसवून थांब्यांची यादी काढली. दोन तास भांडले. एकाला जी जागा स्वच्छ ती दुसऱ्याला घाण. शेवटी २७ ठिकाणं ठरली, आता ती प्रत्येक ट्रिपशीटच्या मागे छापतो. मनगटी पट्ट्यांचं नाव कुणी काढत नाही. गाडीभोवती फिरणारे मात्र मला ऑफिसच्या खिडकीतून दिसतात. सगळे नाही, आठ-नऊ असतील.

उपचाराच्या दिवसांत पगार चालू, हा कागद साहेबांनी सही करून दिला, पण सहा आठवड्यांपुरताच. शिबिर परत ठेवलं, या वेळी पडद्यामागे आणि मी दुसऱ्या इमारतीत. ३१ आले. १७८ वाला आला. त्याचं काय निघालं मला माहीत नाही. काल चावी घ्यायला तो स्वतः आला होता.

पट्टा ताई, एक विचारायचं राहिलं. आमच्यातल्या पाच-सहा जणांचे दंड एवढे जाड आहेत की बीपी मोजायचा पट्टा जेमतेम बसतो आणि मध्येच सुटतो. तोच ओढून लावला तर चालेल का?

---

पट्टा_बांधा

नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढीव येतो. मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मिळतो, तोच मागवा. आणि टेपने दंड मोजून घ्या, मधोमध, पट्ट्यावर किती सेंटिमीटरपासून किती सेंटिमीटरपर्यंत ते छापलेलं असतं.